दीड एकर ऊस, अकरा लाखांच्या ठेवी आणि दोन मुलं: आधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराड तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. यजमान तासवडे एमआयडीसीत ९ वर्षं कायम नोकरीत होते, पीएफ कापला जात होता. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. पीएफचे ३ लाख आणि विम्याचे ८ लाख मिळाले. त्यातले ८ लाख पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी ठेवले आहेत, ३ लाख बँकेच्या बचत खात्यात पडून आहेत. ताई एका शिक्षणसंस्थेत लेखनिक आहेत, हातात २४,००० येतात. शिलाईचे चार-पाच हजार सुटतात. घरखर्च २१,०००. यजमानांच्या नावावरचा दीड एकर ऊस दीर करतात आणि वर्षाकाठी ४०-५० हजार देतात. शिवाय ५,००० ची लिलाव भिशी, दोन पारंपरिक विमा पॉलिसींचा वर्षाला ३८,००० हप्ता आणि चार तोळ्यांवर १,२०,००० चं तारण कर्ज, व्याज १२ टक्के. त्या विचारतात: कोणापुढे हात न पसरता मुलांचं शिक्षण होईल का, ५५ व्या वर्षी नोकरी सोडता येईल का, आणि त्यासाठी महिन्याला किती गुंतवू?

ताई, महिन्याला किती, याचं उत्तर शेवटी देतो. त्याआधी तुमचे जे पैसे अजून तुमच्यापर्यंत आलेलेच नाहीत त्यांच्याकडे बघू, कारण ती रक्कम लहान नाही.

तुम्ही पीएफ मिळाला असं लिहिलंय, पेन्शनचा उल्लेख नाही. पीएफ असलेला कामगार नोकरीत असताना गेला तर वारसांना तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि बऱ्याच घरांत पहिलीच पदरात पडते. पहिली, पीएफची शिल्लक, ती तुम्हाला मिळाली. दुसरी, पत्नीला पेन्शन आणि २५ वर्षं वयापर्यंत दोन मुलांना प्रत्येकी त्या पेन्शनच्या २५ टक्के. यासाठी किती वर्षं नोकरी झाली हे बघत नाहीत; नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणीही पुरते. अर्ज १०-डी नमुन्यात करायचा आणि पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होत असल्याने मागची थकबाकीही मागायची. तिसरी गोष्ट म्हणजे ईडीएलआय, पीएफला जोडलेला विमा. यासाठी कामगाराच्या पगारातून काही कापत नाहीत, हप्ता मालक भरतो, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. हिशेब असा: सरासरी मासिक वेतन (जास्तीत जास्त १५,००० धरतात) गुणिले ३५, अधिक पीएफच्या सरासरी शिल्लकेच्या निम्मी रक्कम, ती जास्तीत जास्त १,७५,०००. एकूण मर्यादा ७ लाख. मागचे सलग १२ महिने नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख. यजमानांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल आणि पीएफची शिल्लक ३ लाखांच्या आसपास असेल, तर हा आकडा साडेसहा लाखांच्या घरात जातो. अर्जाचा नमुना ५-आयएफ.

दोन वर्षं उलटली म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) क्रमांक, तुमचं आणि दोन्ही मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले आणि तिघांची बँक खाती एवढं लागतं. मुलांची खाती त्यांच्या नावाने, तुम्ही पालक म्हणून, आधीच उघडून ठेवा. नाहीतर पेन्शनचा अर्ज तिथे अडकतो. नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर अर्ज परत येतो, तेव्हा पीएफच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव आधी जुळवून घ्या. कारखान्याचा एचआर टाळाटाळ करत असेल तर पीएफ कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर यूएएन घालून तक्रार करा, तिची नोंद राहते.

ग्रॅच्युइटीही विचारा. एरवी पाच वर्षं नोकरी लागते, मृत्यूच्या बाबतीत ती अट नाही. इथे तर ९ वर्षं झालीच आहेत. शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १५,००० वेतनावर ते साधारण ७८,००० होतात. आणि यजमानांचं जुनं पासबुक काढून मे-जून महिन्यांत ३३० किंवा ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते, २ लाखांची. मृत्यूच्या वेळी तो विमा चालू असेल तर त्याच बँकेत दावा दाखल करा.

आता जमीन. सातबाऱ्यावर अजून यजमानांचंच नाव असेल, तर सगळ्या कामांत वारसनोंद पहिली. यजमानांच्या स्वतःच्या नावावरची जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई, चौघांचा सारखा हिस्सा. सासरे हयात असले तरी ते या वर्गात येत नाहीत आणि दीर तर नाहीतच. अर्ज गावच्या तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि ८-अ उतारा जोडायचा. नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही की मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली ती याच कामासाठी होती. तेव्हा राहिलं असेल तर आता करून घ्या.

उतारा हातात आला की दोन ठिकाणं नीट वाचा. एक, खातेदाराच्या नावासमोर ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असं दिराचं नाव आहे का. तसं असेल तर जमीन एकत्र कुटुंबाची आहे आणि यजमानांचा हिस्सा आधी सिद्ध करावा लागेल; तिथे वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का. यजमानांच्या नावावर पीककर्ज थकलं असेल तर ते वारसांकडे, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, येतं. ते नियमित करून घेतलं तर पुढे फायदाच आहे, कारण राज्यात वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्याने पडतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘नंतर त्रास नको, सोपं होईल’ म्हणून कोणी हक्कसोडपत्रावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली तर करू नका, मागणारा कितीही जवळचा असला तरी. मुलांच्या हिश्शाचं हक्कसोड किंवा विक्री तुम्हालाही परस्पर करता येत नाही. त्याला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. हे कारण पुढे केलं तर घरात वाईटपणा न घेता नाही म्हणता येतं.

दिरांच्या ४०-५० हजारांचा हिशेब मांडून बघू. दीड एकर म्हणजे ६० गुंठे. एकरी ४५ टन आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,३०० रुपये धरले, तर लागणीचं (नव्याने लावलेल्या उसाचं) बिल साधारण २ लाख २० हजार होतं. एकरी ७५,००० खर्च धरला आणि सगळं निम्म्या वाट्याने मोजलं, तर तुमच्याकडे ५४ हजार राहतात. खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाला) उतारा कमी पडतो, एकरी ३८ टन धरू, पण बेणं-मशागतीचा खर्च वाचतो. तेव्हा तुमचा वाटा ६० हजारांच्या आसपास येतो. म्हणजे दीर देतात ते लागणीच्या वर्षी फारसं कमी नाही, खोडव्याच्या वर्षी थोडं जास्त यायला हवं. मात्र एक खाच आहे. आडसाली लागण तुटायला १६ ते १८ महिने लागतात, खोडवा आणखी वर्षभर. अडीच वर्षांत बिलं दोनच येतात. त्यामुळे वर्षाची सरासरी ४५ हजार धरा, त्याहून एक रुपया जास्त नको.

वारसनोंद झाल्यावर कारखान्यात ऊस नोंद तुमच्या नावाने करा आणि यजमानांचा सभासदत्वाचा शेअरही वर्ग करून घ्या. मग बिल थेट तुमच्या खात्यावर येतं आणि वाट्याची रक्कम तुम्ही दिरांना देता. व्यवहार तोच, पण प्रत्येक पावती तुमच्या डोळ्यांसमोरून जाते. ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी (केंद्राने ठरवलेल्या किमान दराची रक्कम) १४ दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. प्रत्यक्षात बिल हप्त्यांत येऊ शकतं हे धरूनच घरचा हिशेब करा. वाट्याचा करार वर्षाच्या सुरुवातीला साध्या कागदावर, कोणाचा किती खर्च आणि कोणाचा किती माल, एवढा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२,००० मिळतात. वारसाहक्काने नाव लागलं की तुम्हाला अर्ज करता येतो.

आता पतसंस्थेतले ८ लाख. साडेदहा टक्के ऐकायला छान वाटतं, पण पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, तो ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून वाढवला. पतसंस्थेला हा विमा नाही, मल्टिस्टेट सोसायटीलाही नाही. तुमच्याच कराडचं उदाहरण आहे: कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. ती बँक असल्यामुळे ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं. तीच पाळी पतसंस्थेवर आली असती तर ठेवीदारांच्या हाती फक्त वसुलीची वाट बघणं राहिलं असतं. तुमची पतसंस्था चांगली चाललेली असेलही. पण दोन मुलांच्या आईचे जवळपास सगळे पैसे तीन-एक टक्के जादा व्याजासाठी विम्याविना ठेवू नयेत, यावर मी ठाम आहे.

काढायचे कसे? मुदत जवळ आलेली पावती आधी, नूतनीकरण न करता. ज्या पावतीला सहा महिन्यांहून जास्त मुदत उरली असेल ती मुदतपूर्व मोडा, दंड जाईल तो जाऊ द्या. पैसे रोखीने घेऊ नका, आरटीजीएसने स्वतःच्या खात्यावर घ्या. ‘ताई, पुढच्या महिन्यात या’ असं दोनदा ऐकू आलं तर ती धोक्याची घंटा समजा, लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. आणि पावतीवर दुसऱ्या कोणाचं नाव जोडलेलं आहे का हेही तपासा. दोघांच्या सहीची ठेव एकट्याने मोडता येत नाही.

सोन्याचं तारण याच आठवड्यात सोडवा. बचत खात्यावर अडीच-तीन टक्के मिळतात आणि तारणावर बारा टक्के जातात; नुसते बसून वर्षाला ११ हजारांच्या आसपास नुकसान होतंय. त्यासाठी वेगळा विचारच करायला नको.

११ लाखांची मांडणी मी अशी करेन. १,२०,००० तारण फेडायला. दीड लाख अडीनडीसाठी, म्हणजे साधारण सात महिन्यांचा घरखर्च, बँकेच्या अशा मुदत ठेवीत जी मोबाइलवरून मोडता येते. ४ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला २,४६६ रुपये येतात, मुदत ५ वर्षं. ३ लाख तुमच्या उतारवयासाठी इक्विटी इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात), पण एकदम नाही: आधी लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या, पैसे लवकर काढता येणाऱ्या फंडात) ठेवून दरमहा २५,००० असे १२ महिन्यांत वळते करायचे. उरलेले १ लाख ३० हजार बँकेत मुदत ठेवीला, मुलांच्या शिक्षणासाठी. ईडीएलआय आणि ग्रॅच्युइटी आली की तीही इथेच. एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांवर जाऊ देऊ नका. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत ठेवलं तरी ते एकच धरतात. बँकेच्या काउंटरवर कोणी ‘एफडीपेक्षा चांगली योजना’ म्हणून कागद पुढे केला तर त्यावर विमा, युलिप, हप्ता यांपैकी कुठला शब्द आहे का ते वाचा. सही होऊन गेलीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

लिलाव भिशी चालू फेरी संपेपर्यंत भरा, कारण मध्येच सोडली तर गावात बोलणं होतं आणि पैसेही अडकतात. पुढच्या फेरीत बसू नका. नोंदणी नसलेल्या भिशीत चालवणारा पळाला तर हाती काही लागत नाही, आणि लिलावात गरजू माणूस जो तोटा सोसून उचलतो तेच बाकीच्यांचं व्याज असतं. दरमहा तीन-चार टक्के परतावा देतो म्हणणाऱ्या शेअर ट्रेडिंगवाल्यांबद्दल एवढंच सांगतो: वर्षाला ३६ ते ४८ टक्के कायमचे देणारा धंदा नसतो. एजंट नात्यातला असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. विधवा बाईकडे विम्याचे पैसे आलेत ही बातमी गावात पोहोचलेली असते. हातउसने मागणारेही येतील. सगळे पैसे पोस्टात पाच वर्षांसाठी अडकवलेत, हे उत्तर तयार ठेवा.

पारंपरिक पॉलिसींचे ३८,००० वर्षाला जातात आणि विमा संरक्षण तुटपुंजं असतं. अशा पॉलिसींचा परतावा साधारण पाच-सहा टक्क्यांच्या घरात राहतो. त्या सरेंडर करण्यापेक्षा पेड-अप करा: हप्ता थांबतो, आतापर्यंतच्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम मुदतीला मिळते. त्यासाठी किमान किती हप्ते भरलेले हवेत ते पॉलिसीवर छापलेलं असतं. पण आधी टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) हातात येऊ द्या, मगच जुना हप्ता थांबवा. मधल्या काळात मुलांना उघडं ठेवायचं नाही. टर्म ५० लाखांचा, ६० वयापर्यंत. तुमच्या वयाला वर्षाला साधारण ७ ते १० हजार पडतील. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. अर्जात थायरॉइड, रक्तदाब, काहीही असेल ते खरं लिहा. दावे नाकारले जातात ते बहुतेक इथेच लपवाछपवी झालेली असते म्हणून.

आरोग्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ती यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच चालते. कराड, सातारा आणि मिरजेतली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आजच बघून लिहून ठेवा. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसून शोधायची ती गोष्ट नाही. त्याच्या जोडीला तिघांचा ५ लाखांचा स्वतंत्र आरोग्य विमा घ्या, १२-१३ हजार हप्ता धरा.

विम्याला नॉमिनी मुलं राहतील, पण ती अज्ञान आहेत, म्हणून अर्जात ‘अपॉइंटी’ लिहावा लागतो, म्हणजे तुमच्या पश्चात पैसे हाती घेणारी सज्ञान व्यक्ती. एजंट घाईत कोणाचंही नाव टाकतो. ते तुम्ही ठरवा. आणि मृत्युपत्र करा. त्यात मुलांचा पालक कोण हे लिहायचा हक्क कायद्याने विधवा आईला आहे. स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. पैसे सांभाळणारा आणि मुलं सांभाळणारा माणूस वेगवेगळा ठेवला तर माझ्या मते बरं, दोघांचं एकमेकांवर लक्ष राहतं.

मुलांच्या शिक्षणाकडे वळू. सुकन्या समृद्धी खातं मुलीला १० वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं, तुमच्या हातात दोन वर्षंसुद्धा नाहीत. व्याज ८.२ टक्के, १५ वर्षं भरायचे, मुदत उघडल्यापासून २१ वर्षं. इथे एक गैरसमज सरसकट आहे: १८ व्या वर्षी सगळे पैसे मिळतील असं लोक धरतात. शिक्षणासाठी मागच्या मार्चअखेरच्या शिल्लकेच्या निम्मेच काढता येतात. महिना १,५०० भरले तर १० वर्षांत साधारण पावणेतीन लाख जमतात आणि त्यातले १ लाख ३७ हजार कॉलेजला मिळतील. उरलेले लग्न किंवा मुदत, जे आधी येईल तोवर तिथेच. म्हणून सुकन्येत महिना १,५०० बास. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज जातं.

मुलीच्या फीचा ताण थोडा हलकाही होऊ शकतो. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी घरांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. मुलासाठी निम्म्या शुल्काची राजर्षी शाहू योजना आहे. या योजना दहा वर्षांनी अशाच राहतील असं गृहीत धरता येत नाही, पण जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून नीट ठेवणं तुमच्या हातात आहे. वडिलांच्या पश्चात मुलांच्या जातपडताळणीला वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो शोधून लॅमिनेट न करता फाईलमध्ये ठेवा. एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० मिळतात. साताऱ्याच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात तुमच्या पगारासकट परिस्थिती सांगून अर्ज देऊन बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न. आज भिशी ५,०००, पॉलिसींचे महिन्याला पडणारे ३,१७० आणि तारणाचं व्याज १,२०० मिळून ९,३७० रुपये जातातच. नव्या मांडणीत टर्म आणि आरोग्य विमा मिळून महिन्याला १,८५०, सुकन्या १,५०० आणि एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) ६,०००, बेरीज ९,३५०. घरखर्चाला हात न लावता हे बसतं. उसाचं बिल मात्र महिन्याच्या खर्चात मिसळू नका. ते फक्त वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी, म्हणजे जूनची फी आणि विम्याचे हप्ते यांसाठी वेगळ्या खात्यात राहू द्या. पेन्शन आणि पोस्टाचं व्याज शिक्षणाच्या ठेवीत.

मुलं मार्गाला लागल्यावर तुमचा एकटीचा खर्च आजच्या भावाने महिना १४,००० धरला तर वर्षाला १,६८,०००. शेतीचे ४५,००० वजा केले की १,२३,००० ची सोय हवी. महागाई ६ टक्के धरली तर ५५ व्या वर्षी हीच गरज ३ लाख ७२ हजारांवर जाते. अशा गरजेच्या २५ पट रक्कम पुरते असं म्हटलं जातं, तो हिशेब अमेरिकेतला आहे. आपल्याकडची महागाई आणि पुढची तीस-एक वर्षं बघता मी ३० पट धरतो. म्हणजे १ कोटी १२ लाख. महिना ६,००० ची एसआयपी दरवर्षी ८ टक्के वाढवत नेली आणि १० टक्के परतावा मिळाला तर १९ वर्षांत ६८ लाख होतात, सुरुवातीच्या ३ लाखांचे १८ लाख. एकूण ८६ लाख. ५५ ला २५-२६ लाख कमी पडतात. हाच हिशेब ५८ पर्यंत नेला तर जमा १ कोटी २७ लाख आणि गरज १ कोटी ३३ लाख, जवळपास गाठ पडते. म्हणून माझं उत्तर: ५५ ला नाही, ५८ ला होय.

या आकड्यांच्या पोटात दोन गृहीतकं आहेत ती माहीत असू द्या. शेतीचं सगळं उत्पन्न तुमच्याकडे राहील असं धरलंय. त्यात मुलांचा आणि सासूबाईंचाही वाटा आहे. आणि दरवर्षी ८ टक्के वाढ म्हणजे शेवटच्या वर्षी एसआयपी ३० हजारांवर गेलेली असेल. पगार तसा वाढला पाहिजे. मधली कॉलेजची वर्षं, तुमच्या ४६ ते ५६ वयातली, ही वाढ थांबवणारच. थांबवा, पण चालू रक्कम बंद करू नका. शैक्षणिक कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कोणी कर्ज देत नाही.

फंड एक किंवा दोनच ठेवा: निफ्टी ५० चा इंडेक्स फंड आणि हवा तर निफ्टी ५०० चा. ‘डायरेक्ट’ योजना निवडा. ‘रेग्युलर’मध्ये दरवर्षी कमिशन कापलं जातं. बाजार पडेल, हे आधीच कबूल करून बसा. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये निफ्टी १२,३०० वरून ७,६०० पर्यंत, जवळपास ३८ टक्के खाली आला होता. त्या दिवसांत घाबरून विकलेल्यांचंच नुकसान कायमचं झालं. तुमची अडीनडीची दीड लाखांची ठेव याचसाठी वेगळी आहे, की बाजार पडला आणि त्याच महिन्यात घरात आजारपण आलं, तरी फंडाला हात लावायची वेळ येऊ नये.

५८ चे ५५ करायचे असतील तर त्याची किल्ली परताव्यात शोधू नका, उत्पन्न वाढवा. शिलाईत ब्लाउज आणि पिको-फॉलपेक्षा गणवेशाची ऑर्डर एकगठ्ठा येते, एप्रिल ते जून काम असतं, आणि शाळेत तुमची रोजची ये-जा आहे. दुसरं मशीन पहिली ऑर्डर हातात आल्यावर घ्या, आधी नाही. माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक आणि तिच्याशी जोडलेली संस्था बायकांना व्यवसायाचं प्रशिक्षण देतात, तिथे चौकशी करा. लेखनिक म्हणून टॅली आणि जीएसटीचं काम शिकलात तर संध्याकाळी दोन दुकानांचे हिशेब घरी बसून लिहिता येतील. महिना ३,००० जादा मिळाले आणि ते सगळे, तसेच दरवर्षी ८ टक्के वाढवत, एसआयपीत गेले तर १९ वर्षांत आणखी ३४ लाख होतात. ५५ ला कमी पडणारे २५-२६ लाख त्यात भरून निघतात.